डबेवाल्याच्या खोलीतला धवला

मिठागरावर माणूस मीठ मागायला येतो तो खायला, नाहीतर मासळी खारवायला. जमिनीत पुरायला मीठ मागणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच बघितला, आणि तो माझाच भाडेकरू होता.

आमचं गाव भाईंदरहून उत्तनला जाताना, डोंगरीच्या अलीकडे. मी मिठागरावर मुकादम. शाळा तिसरीपर्यंत, पण बांध कुठं फुटणार ते मी दोन दिवस आधी सांगायचो. घरामागे चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. भाडेकरू खोली बघायला आला की पहिलं विचारतो, पाणी किती वेळ येतं, संडास कुठं. हा माणूस आत शिरला, भिंतीवरच्या प्लगकडे बघितलं आणि म्हणाला, "मालक, अर्थिंग आहे का?"

मी म्हटलं, "बटण दाबलं की दिवा लागतो. आणखी काय पाहिजे?"

"तसं नाही. तार जमिनीत गेली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याने मागल्या दारी स्वतःच्या हाताने कमरेइतका खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी सोडली आणि रिकामी गोणी घेऊन मिठागरावर हजर. म्हणाला, खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायचाय. मी म्हटलं, "अहो, समुद्राकाठच्या जमिनीला मीठ कमी पडलं काय?" माझी माणसं पोट धरधरून हसली. तो हसला नाही. खिशाला पेन, पायात बूट आणि डोक्यावर मिठाची गोणी, असा बांधावरून चालत गेला. भरतीच्या पाण्यात बूट भिजले तरी त्याने वाट बदलली नाही.

मग टेम्पो आला. त्यातून सात-आठ कम्प्युटर उतरले, सगळे जुने, कुठल्या कुठल्या हापिसांनी काढून टाकलेले. बायकांना वाटलं केबलवाला आला. विचारायला लागल्या, शिरेली कधीपासून दिसणार? केबल काही आली नाही, पण गावाने त्याचं नाव ठेवलं डबेवाला. माझी आई तेवढी त्याला मास्तर म्हणायची. तो कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. चष्मा आणि पेन असलेला माणूस तिच्या लेखी मास्तरच.

वय पन्नाशीचं, मराठवाड्यातला. बायको कधीच वारलेली, मूल नाही. मुंबईतल्या एका हापिसात कम्प्युटरच्या खोलीत होता. हापिसाने नवे कम्प्युटर आणले, जुने काढले आणि जुन्यांबरोबर यालाही लवकर घरी पाठवलं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, हातातला स्क्रू फिरवता फिरवता, आणि स्क्रू काही थांबला नाही.

पहिल्याच आठवड्यात गावातल्या एकाने त्याला पारावर गाठून विचारलं, "तुमचं लोक कनचं?" तो म्हणाला, "आम्ही बौद्ध. भीमाची लेकरं. अजून काही विचारायचंय?" विचारणाराच खाली बघायला लागला. मी तिथं होतो. मीही काही बोललो नाही. आईला हे कळलं तेव्हा तिने त्याच संध्याकाळी कालवणाचा टोप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मास्तरला दे. आन तुझ्याच हातानं दे."

मराठवाड्यातला माणूस, त्याला काट्यांची मासळी कुठली खायला येणार? कम्प्युटरच्या बारीक तारा धरायचा चिमटा होता त्याच्याकडे. त्या चिमट्याने तो एकेक काटा काढून कागदावर ओळीने मांडायचा आणि मग जेवायचा. तासभर चालायचं ते. आई दारात बसून बघायची आणि म्हणायची, "मास्तर, काटं मोजताव का जेवताव?"

"मावशी, एक जरी राहिला तरी घशात अडकणार."

हे त्याचं सगळ्याच बाबतीत होतं. एकही राहता कामा नये.

कम्प्युटरांना तो अहो-जाहो करायचा. "आज बरे नाहीत ते," म्हणायचा. खारी हवा लोखंड खाते म्हणून प्रत्येक डब्यात त्याने झिरोचा बल्ब दिवसरात्र पेटता ठेवलेला. वरून आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे पांघरलेले. ते त्याने मागून नेले होते. कुणी म्हणालं की मास्तर, आता हे भंगारात द्या, यांना काही येत नाही, तर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "त्यांना येत नाही असं नसतं. आपल्याला सांगता येत नाही."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी गाणी कॅसेटमधून निघून कम्प्युटरमध्ये जायला लागली होती. एका सीडीत शे-दीडशे गाणी. एमपीथ्री म्हणायचे. पण ती वाजायची नव्या कम्प्युटरवर. ह्याच्या डब्यांमध्ये डॉस. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, बाण नाही, काही नाही. त्यांना त्या फायली कळायच्याच नाहीत. मिरा रोडला त्याचा एक भाचा कम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने मामाला गाणं वाजवायचा प्रोग्रॅम आणून दिला, पण तो दुसऱ्याच जातीच्या मोठ्या कम्प्युटरसाठी लिहिलेला. मास्तर तो ओळ न् ओळ उलगडून डॉससाठी नव्याने लिहीत बसला. कागदाच्या लांबच लांब पट्ट्या खोलीत दोरीवर टांगलेल्या. आमच्याकडे बोंबील वाळत घालतात तशा.

मी एकदा विचारलं, "एवढं अवघड काय आहे त्यात? गाणं ते गाणं."

त्याला वाटलं मला मिठाच्या भाषेत समजावावं. म्हणाला, "मालक, तुम्ही समुद्राचं पाणी आटवता आणि खाली मीठ राहतं. तसं ह्या फायलीत गाणं आटवून ठेवलेलं असतं. वाजवायच्या आधी त्यात परत पाणी घालायचं. नवे कम्प्युटर झटकन घालतात. आमच्या ह्यांचे हात हळू चालतात."

मी म्हटलं, "मीठ पाण्यात टाकलं की समुद्र होतो काय? खारं पाणी होतं. मासा जगायचा नाही त्यात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. थोडं जातंच. पण कानाला कळणार नाही एवढंच जातं."

"कुणाच्या कानाला?" मी म्हटलं.

तिसरी शिकलेल्या माणसाने त्याला गप्प केलं म्हणून आठवडाभर मी मिशीला पीळ देत फिरत होतो.

त्याच्या डब्यातून पहिल्यांदा गाणं निघालं त्या दिवशी अर्धं गाव जमलं. सनई होती. दोन क्षण वाजायची, थांबायची. परत दोन क्षण, परत थांबायची. उचकी लागलेल्या माणसासारखी. एक म्हातारा म्हणाला, "पानी पाजा त्याला." आई म्हणाली, "मास्तर, तुमचा डबा गातंय का रडतंय?" मास्तर प्रत्येक उचकीला मांडीवर थाप मारून वहीत रेघ ओढत होता. लोक हसून घरी गेले. त्याच्या रेघा चालूच.

आता आईबद्दल सांगायला पाहिजे. माझी आई धवलारीण होती. आम्हां आगऱ्यांची लग्नं धवल्याने लागतात. भटजी असतो, पण तो नंतर. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, ते सगळं मिळून धवला. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, आईबापाची, मामाची नावं घेत धवलारीण गाते आणि ती म्हणेल तसं लग्न पुढे सरकतं. लिहिलेलं काही नाही. आईला तो तिच्या आत्याने दिला होता. पाच-सहा तास गायची आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही. आमच्या बाजूच्या चार गावांत अख्खा धवला येणारी ती शेवटची. तिच्या मागे तीच ओळ परत म्हणून झेलणारी एक बाई असायची, पण तिला फक्त झेलता यायचं.

गावातल्या एका पोरीच्या लग्नात मास्तर जेवायला आला होता. पंगत मांडवाला लागूनच. पुढ्यात पान, आणि ह्याचं लक्ष सगळं आईकडे. आई जरा थांबली तसा बसल्या जागेवरून ओरडला, "मावशी, तुम्ही श्वास कधी घेता?"

लोक हसले. आई म्हणाली, "सास? ती झेलते तवा. मी म्हन्ते, ती झेलते. ती झेलते तवर मी पुढचा आठवते. दोगी एकदम कदी थांबत न्हाय. थांबलाव तर लगीन थांबल."

हा माणूस पानावरून उठला. भरल्या पानावरून! पंगतीतून असं उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर पाणी फेकणं. नवरीचा काका माझ्यावर भडकला, तुझा भाडेकरू असा कसा? मी मान खाली घालून माफी मागितली. आणि हा उष्ट्या हाताने घराकडे पळत सुटलेला.

चौथ्या दिवशी त्याच्या खोलीतून सनई ऐकू आली. अथपासून इतिपर्यंत, एकदाही न अडखळता. मी गेलो तर चेहरा दाढीने भरलेला, डोळे लाल. म्हणाला, "मालक, आत दोन बायका बसवल्या. एक गाते तोवर दुसरी पुढचं तयार करते. दोघी एकदम थांबत नाहीत. मावशींनी सांगितलं ते पुस्तकात पण असणार, पण मला पुस्तकात दिसलं नव्हतं."

डबेवाल्याने दोन बायका ठेवल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत उत्तनच्या बंदरावर पोचली होती.

मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. माझ्या आईच्या गळ्यावरून यंत्र शिकलं. पण तोंडाने मी काय बोललो? "एवढं तर टेपवर पण वाजतं." माझा स्वभावच असा. चांगलं बोलायचं म्हटलं की जीभ जड होते.

त्याने मनावर घेतलं नाही. म्हणाला, टेपला खाऱ्या हवेत बुरशी धरते आणि अर्ध्या तासाने कॅसेट उलटावी लागते, तेवढ्यात दोन कडवी जातात. "मावशींचा धवला तुटता कामा नये." पुढच्या लग्नात तो दोन टेपरेकॉर्डर घेऊन आला. एकाची कॅसेट संपायच्या आधी दुसरा चालू. आईचा अख्खा धवला असा त्याने धरला. भाच्याने तो मिरा रोडच्या हापिसात आटवला, फ्लॉप्यांवर तुकडे करून भरला, आणि मास्तर त्या फ्लॉप्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून बसने आणायचा. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. कुणी विचारलं काय आहे, तर म्हणायचा, "मावशी आहेत."

त्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक. आजीच्या मांडीवर वाढलेली. आईने तिच्या पाळण्याजवळ बसून म्हटलं होतं म्हणे, हिचं लगीन लावल्याशिवाय मी मरत न्हाय. पण आईला दम लागायला लागला होता. दहा कडवी म्हटली की छातीवर हात. अख्खा दिवस बसून गाणं तिला झेपणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. मी बोलत नव्हतो.

मास्तर एका सकाळी माझ्या ओट्यावर आला. बूट काढून बसला.

"मालक, मावशींचा धवला माझ्याकडे आहे. मांडवात मी माझा डबा लावतो. मावशी बाजूला बसतील, जमेल तेवढं म्हणतील, बाकीचं तो म्हणेल. आवाज त्यांचाच. फक्त एक अडचण आहे. त्यात नाव दुसऱ्या नवरीचं आहे. नावाची कडवी तेवढी मावशींनी नव्याने म्हणायला हवीत. मी ती जागच्या जागी बसवतो."

मी म्हटलं, "कधी म्हणायची?"

"आत्ताच. लग्नाआधी."

"अंगाला हळद लागल्याशिवाय पोरीचं नाव धवल्यात घेत नाहीत. आमच्या घरची रीत आहे."

"हळद लागल्यावर मावशींचा आवाज राहिला नाही तर?"

"अभद्र बोलू नका."

 एवढ्यावर मी थांबलो नाही. "आणि लग्नात डबा गाणार? लोक काय म्हणतील? मुकादमाला लेकीच्या लग्नाला माणूस मिळालं नाही, भंगारातलं यंत्र बसवलं?"

खरं सांगायचं तर रीत अर्धीच होती. उरलेलं हेच होतं.

तो उठला, बूट घातले. पायरीवरून मागे वळून म्हणाला, "आवाज मावशींचाच आहे, मालक. एकदा ऐका तरी."

मी ऐकलं नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी मी मिठागरावरून घरी आलो. जेवायला येत नाही म्हणून सांगून गेलो होतो, पण भरतीमुळे काम थांबलं. घरात कुणी नाही. मागल्या अंगणात गेलो तर डबेवाल्याच्या खोलीतून आईचा आवाज. धवला. आणि त्यात माझ्या मुलीचं नाव.

 अंगाला हळद नाही, मांडव नाही, आणि पोरीचं नाव धवल्यात. मी दार ढकललं, ते भिंतीवर आपटलं. आई खाटेवर बसली होती, डोळे मिटून. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर, हातात माइक धरून. त्याने मला बघितलं आणि दुसरा हात वर केला. थांबा, म्हणून. मला! माझ्या खोलीत!

काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बंद कर म्हणालो. माझ्या पोरीचं वाईट झालं तर तुला तुझ्याच त्या मिठाच्या खड्ड्यात पुरीन म्हणालो. जातीवरून एक शब्द गेला माझ्या तोंडून. तो मी आजपर्यंत कुणाला सांगितला नाही, इथंही लिहीत नाही.

आई म्हणाली, "मीच त्याला सांगितलाय. मना ठाव हाय मी ऱ्हात न्हाय. मना पोरीचा लगीन लावाचा हाय."

"तू घरी चल."

"येकच कडवा ऱ्हायलाय रं."

मास्तर हळूच म्हणाला, "शेवटचं कडवं, मालक. तेवढं होऊ द्या."

मी आईला दंडाला धरून उठवलं. त्याला सांगितलं, उद्या खोली रिकामी. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, लुगड्याच्या तुकड्यांसकट डबे गेले. मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात भाच्याकडे गेला असं कळलं. आई ओट्यावर बसून टेम्पो वळेपर्यंत बघत होती. 

आठ-दहा दिवसांत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. सत्तरीच्या पुढची बाई, ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधी घ्यायची कधी नाही. डॉक्टरने हे मला नीट समजावून सांगितलं होतं. तरी गाव म्हणालं, अवेळी धवला गायला म्हणून झालं. आणि गावात हे सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं असेल तर मी.

मास्तर दवाखान्यात आला होता. हातात केळी, तोच शर्ट, खिशाला पेन. मी त्याला वॉर्डच्या दारातच अडवलं. म्हटलं, "तुझ्या डब्याने माझ्या आईचा आवाज खाल्ला."

तो म्हणाला, "नाही, मालक. ठेवलाय." मग केळी पुढे केली. "तुम्ही एकदा ऐका. मग मला काय बोलायचं ते बोला."

मी दार लावून घेतलं. केळी बाहेरच्या बाकावर राहिली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. पलीकडच्या गावची एक बाई आणली, तिला निम्मा धवला येत होता. उरलेल्या जागी बॅन्डवाल्यांनी वाजवून घेतलं. आईला खुर्चीत बसवून मांडवात ठेवली होती. तिचा डावा हात सबंध वेळ मांडीवर हलत होता. जिथं कडवं चुकायचं तिथं थांबायचा. माझ्याशिवाय ते कुणी बघितलं नसेल, असं मला तेव्हा वाटलं.

सहा महिन्यांनी आई गेली. मास्तरही पुढे दोन-तीन वर्षांत गावाकडे निघून गेला म्हणे. मधे एकदा भाईंदर स्टेशनबाहेर उत्तनच्या बसच्या रांगेत तो माझ्या पुढे चार माणसं सोडून उभा होता. केस पांढरे झालेले. हाक मारायची म्हणून मी घसा साफ केला. तेवढ्यात बस आली, आणि मला बरं वाटलं की बस आली. तो त्या बसमध्ये चढलाच नाही. मला बघून तो रांगेतून बाहेर पडला की काय, कुणास ठाऊक.

गेल्या वर्षी मुलगी चार दिवस राहायला आली होती. तिचीच पोर आता लग्नाची झालीय. नातीने मोबाइलवर कसलंतरी लग्नाचं गाणं लावलं, तसा मी नेहमीप्रमाणे कुरकुरलो, "ह्याला गाणं म्हणतात? माझ्या आईचा धवला ऐकायला पाहिजे होता तुम्ही."

मुलगी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी ऐकलाय, बाबा. माझ्या नावाचा."

मला वाटलं लग्नातलं म्हणते. म्हटलं, "तो त्या बाईचा."

"आजीचा. पाचपरतावनाला."

लग्नानंतर पाचव्या दिवशी लेक-जावई माहेरी येतात, त्याला आम्ही पाचपरतावन म्हणतो. अंगाची हळद आमच्यात त्यानंतर उतरवतात. त्या दिवशी ती दोघं म्हणाली होती, आजीला मिरा रोडच्या डॉक्टरला दाखवून आणतो. मला चांगलं आठवतंय. कारण आईला उचलून रिक्षात मी बसवली होती. पाय आत घेतले, पदर चाकात जाऊ नये म्हणून खोचून दिला. रिक्षावाल्याला म्हटलं, "सांभाळून चला हां भाई, म्हातारं माणूस आहे."

डॉक्टर कुठला? बेव्हर्ली पार्क, मास्तरांच्या भाच्याचं घर. माझ्या बायकोलाही ठाऊक होतं. ती मरेपर्यंत बोलली नाही.

"हळद अंगाला होती, बाबा," मुलगी म्हणाली. "तुमची रीत मोडली नाही आम्ही. मास्तरांनी आधी तेच विचारलं, हळद आहे ना अजून? मग डब्यावरचं लुगडं काढलं. अख्खा लावला. सकाळपासून दुपारपर्यंत. मध्ये कुठं थांबला नाही. ह्यांना पाटावर बसवलं, मला बसवलं. आजी समोर."

मी विचारलं, "मग ते कुठंय आता?"

"फ्लॉप्या दिल्या होत्या मला. मुलं मोठी झाल्यावर काढल्या तर सगळ्या बुरशीने पांढऱ्या. दुकानात नेल्या. दुकानदार म्हणाला, ह्या वाचायचं यंत्रच आता मिळत नाही, आणि मिळालं तरी ह्यातलं काही उतरणार नाही."

मी भाजीची एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग विचारलं, "आईने शेवटी कुठलं कडवं म्हटलं होतं? मी आलो तेव्हा."

"तुमचंच. पोर देणाऱ्या बापाचं. तुमचं नाव घेतलंय त्यात, अख्खं, आजोबांच्या नावासकट."

आईने जन्मात मला नावाने हाक मारली नव्हती. पोरा म्हणायची, नाहीतर रागावली की मुकादम.

"आणि पुढं?" मी म्हटलं. "नावाच्या पुढं काय म्हणाली?"

तिने भाजीची परात बाजूला ठेवली.

"पुढं तुमचा आवाज आहे. दार आपटल्याचा, आणि मग तुमचा. मास्तर म्हणाले, हे कापून टाकायचं राहू दिलंय, मावशींना विचारल्याशिवाय कसं कापू? त्यांनी आजीला विचारलं, कापू का? आजीने मान हलवली, नको. आणि हसली, बाबा. अर्ध्या तोंडाने. हाताने खूण केली, परत लावा म्हणून."

"सगळा धवला?"

"नाही. तेवढंच. तुमचं नाव आणि तुमचं ओरडणं. तीनदा ऐकलं तिने."

मी तिला म्हटलं, त्या कडव्याची ओळ तरी म्हणून दाखव. तिने आठवून बघितलं. ओठ हलवले, नाव घेतलं माझं, त्याच चालीवर, आणि थांबली.

"पुढची ओळ नाहीच आहे, बाबा," ती म्हणाली. "पुढं तुम्हीच आहात."